विषय क्रमांक चार

आमसभेला तेहतीस जण, खुर्च्या वीस.
उरलेले कपेलाच्या पायऱ्यांवर,
एक तर स्कूटरवरच, हेल्मेट न काढता.
खाणीची तांबडी धूळ सगळ्यांवर सारखी.
विषय क्रमांक चार:
मॅनेजर रोमाल्द फुर्ताद यांनी तीन वर्षांत केलेल्या निवडी.

मी इतिवृत्त लिहितो. बोलत नाही.

वासू नाईक उभा राहिला,
ज्याचा भाचा पहिल्याच फेरीत घरी गेला होता.
म्हणाला, तो सांग्याचा एल्रॉय आपल्या हातात होता,
आज कोलकात्याला खेळतो, टीव्हीवर दिसतो,
आईनं घराला निळा रंग काढला.
आणि यांनी घेतला कोण?
खोतीगावचा दिगंबर वेळीप,
दोन बस बदलून, गुडघ्याला फडकं बांधून आलेला गोली.
सतरा सामन्यांत अठ्ठावीस गोल!
मी अठ्ठावीस लिहिले.
अडवलेल्यांची वही कुणी ठेवत नाही.
मीही ठेवली नव्हती.

मग कोच.
रेल्वेतून निवृत्त झालेला आंतोन,
शिट्टी फुंकताना ज्याला दम लागतो.
मिनीन म्हणाला, याच्यापेक्षा माझ्या तावेर्नातलं गिऱ्हाईक बरं,
सगळे हसले, रोमाल्दसुद्धा.
आंतोननं तीन पोरांना ट्रकवरून उतरवून मैदानात आणलं होतं.
दोघं पुन्हा ट्रकवर गेली, एक राहिलं.
एक राहिलं हे जमेला धरू,
की दोन गेली हे नावे टाकू?
मी दोन्ही बाजू कोऱ्या ठेवल्या.

निकाल लागल्यावर पेपर सगळ्यांनाच सोपा.
स्कूटरवरचा तर म्हणाला,
मला एल्रॉयच्या चालण्यातच कळलं होतं.
चालण्यात!
त्या दिवशी तो इथं नव्हता,
मुरगावला साडूच्या बारशाला होता,
हे मला पक्कं आठवतं. लिहिलं नाही.

रोमाल्द शेवटी उठला.
गॅरेजमधून थेट आला होता, नखांत ग्रीस.
चण्यांची पुडी खिशात कोंबत एवढंच म्हणाला,
"त्या दिसा जें दिसलें, तें घेतलें."
आणि बसला.
खुर्ची करकरली, तेवढीच पुष्टी.

रात्री घरी निवडचाचणीची वही काढली.
एकेचाळीस पोरं, कापणी झालेल्या शेतात, खुंट टोचत होते.
चार क्लब, मडक्यात चिठ्ठ्या,
आमची पाळी तिसरी,
आणि तिसऱ्या पाळीला दोनच नावं उरलेली बरी.
रोमाल्द वळून मला म्हणाला होता,
"घना, तूं कितें म्हणटा?"
मी पाचवीनंतर चेंडूला पाय लावलेला नाही.
साडेबारा वाजले होते, डोकं तापलं होतं,
घरी बांगड्याची उड्डमेथी निवत होती.
एल्रॉयच्या नावासमोर
माझ्याच वळणदार अक्षरात आहे:
डावा पाय कच्चा. घाबरतो.

घाबरतो.
पोराला ताप होता, हे नंतर कळलं.
त्याच्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता,
आम्ही पाय बघत होतो.

पान फाडता येईल.
पण पानांवर आकडे आहेत,
ते मीच घातलेत, लाल शाईनं,
हिशेब चोख असावा म्हणून.

पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून कायम व्हायचं आहे.
आजचा मजकूर पुरा केला:
विषय क्रमांक चार, चर्चा झाली, निर्णय तहकूब.
पेन ठेवलं. पुन्हा उचललं.
खाली एक ओळ जागा होती,
तिच्यात "डावा पाय कच्चा" कुणी म्हटलं ते लिहिलं,
आडनावासकट.

रविवारी पुन्हा चाचणी आहे.
चुन्याची दोन पोती सांगून ठेवलीत.
रोमाल्दचा निरोप आला,
वही घेऊन लवकर ये,
आणि येताना जेवून ये.